नळीत पातळ, अंगात घट्ट

दिवाळी अंकासाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा, असा फोन आला तेव्हा मी हसले. पॅथॉलॉजिस्टकडे प्रेरणा कुठून असणार? आमच्याकडे रक्त, लघवी आणि थुंकी असते. डहाणू रोड स्टेशनजवळ एका लॉजच्या खालच्या गाळ्यात माझी लॅब होती. वर सामान आपटल्याचे आवाज आणि खाली माझा मायक्रोस्कोप, असा संसार मी निवृत्त होईपर्यंत चालवला. लोकांना वाटायचं ही रक्त काढणारी बाई. रक्त माझी टेक्निशियन सुरेखा काढायची. ते रक्त काय म्हणतंय ते बघायचं काम माझं, आणि तेवढं एक सोडून बाकी सगळं गावाला माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

पालघर वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास आमच्या भागात एका नव्या दैवताची स्थापना झाली. त्याचं नाव प्लेटलेट. रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या असतात, आणि तिसऱ्या या, अगदी बारीक, रक्तवाहिनीला भोक पडलं की ते बुजवणाऱ्या. डेंग्यूत त्या कमी होतात एवढी एक ओळ कुठूनतरी सगळ्यांपर्यंत पोचली आणि मग काय विचारता. पूर्वी माणसं भेटली की चिकूला भाव काय ते विचारायची. आता 'किती आल्या?' विचारायला लागली. पावसाळा सरता सरता पपईच्या झाडांवर पान शिल्लक राहीना, कारण पानांचा रस प्यायला की प्लेटलेट वाढतात असं ठरलं होतं. शेळीवाले तर दुधाचा भाव सांगताना डॉक्टरांसारखा चेहरा करायला लागले.

तलासरीचे रमणीकभाई हे या दैवताचे थोर भक्त. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. ते ताप नसताना सकाळ-संध्याकाळ यायचे.

"बेन, आजे केटला आव्या?"

"भाई, ताप आहे का?"

"ताप नथी, पण बाजूवाळाना घटी गया."

शेजाऱ्याच्या घटल्या म्हणून हे स्वतःच्या मोजून घेणार. एकदा मशीनने त्यांचा आकडा खरोखरच भीतिदायक दाखवला. झालं! गाडी दारात आली, रक्तदाते गोळा झाले. मी मात्र रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघितला, तर प्लेटलेट भरपूर होत्या. फक्त त्या पांढऱ्या पेशींभोवती गोल चिकटून बसल्या होत्या, पाटावरच्या ताटाभोवती रांगोळी असते तशा. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. लाखातल्या एखाद्याच्या रक्तात असं काही असतं, की त्या औषधाची गाठ पडली की प्लेटलेट पांढऱ्या पेशींना जाऊन चिकटतात. मशीनला डोळे नसतात, ते तो अख्खा गोळा एक पेशी म्हणून मोजतं. वेगळं औषध असलेल्या निळ्या झाकणाच्या बाटलीत परत रक्त घेतलं, आकडा ठणठणीत आला. रमणीकभाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांचा चेहरा पडला. गोळा झालेल्या एवढ्या माणसांना आता काय सांगायचं? ते तडक दुसरीकडे गेले, पुन्हा जांभळ्या बाटलीत रक्त दिलं, प्लेटलेटच्या पिशव्या चढवून घेतल्या आणि येताना माझ्याकडे पेढे देऊन गेले. मी ते खाल्ले. पेढ्यांचा काय दोष?

प्लेटलेट कमी दिसणं वेगळं आणि कमी असणं वेगळं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आणि खरंच कमी असल्या तर त्या गेल्या कुठे, हा प्रश्न तर माझ्या एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारला नाही. शुभदाच्या वेळी तोच प्रश्न जिवावर येऊन बसला होता.

शुभदा जवळच्या कैनाड गावची सून. घरची चिकूची वाडी, भातशेती, खाऊनपिऊन सुखी माणसं. नवरा हर्षद बोईसरच्या एका कंपनीत इंजिनियर. सासू यशोदाकाकू, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या आणि सगळ्यांकडे एकाच नजरेने बघणाऱ्या बाई. भाद्रपदातल्या एका सकाळी तिघं लॅबमध्ये आली. शुभदाचं तिसरं गरोदरपण पाचव्या महिन्यात मोडून काही दिवसच झाले होते. आधीची दोन तिसऱ्या महिन्यातच गेलेली. आता घरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट निम्म्याहून कमी, म्हणून घरात निदान झालं, डेंग्यू. ताप नव्हता, पण निदानाला तापाची गरज कुणाला?

"पपईच्या पानांचा रस चालू केलाय," हर्षद म्हणाला. "बेसिकली काउंट वाढवायचाय."

पोटात बाळ असताना पपईची फोडसुद्धा तिच्या ताटाजवळ येऊ दिली नव्हती, का, तर गर्भ पडतो. आता गर्भ पडल्यावर त्याच झाडाची पानं वाटून तिला तीन वेळा पाजत होते. मी हे बोलून दाखवलं. हर्षदने न ऐकल्यासारखं केलं. यशोदाकाकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली.

काच बघितली. या वेळी मशीन खोटं बोलत नव्हतं, प्लेटलेट खरोखरच कमी होत्या. मी बाहेर आले तेव्हा शुभदा बाकावरून उठत होती आणि डावा पाय टेकवताना तोंड वाकडं करत होती. साडी वर करायला लावली. पाय मांडीपासून सुजलेला, ताणलेला, कातडी चकचकीत.

"हे कधीपासून?"

"झोपून राहिल्यामुळे असेल," हर्षद म्हणाला. "मालीशवाली येते ना रोज. गरम तेलाने चांगली रगडते."

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की वरच्या लॉजमधलं कुणीतरी जिन्यात डोकावलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर मालीश म्हणजे ती गुठळी सोडवून फुप्फुसात पाठवायची सोय. बाळंतिणीला रगडायची आपल्याकडे केवढी हौस! तिच्याकडे बघायची मात्र कुणाला नसते.

रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासलं. नळीत तिचं रक्त गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. हर्षदला लगेच सगळं समजलं. तो इंजिनियर होता.

"म्हणजे प्लेटलेट कमी, रक्त पातळ. ब्लीडिंगची रिस्क. बरोबर ना, मॅडम?"

"चूक," मी म्हटलं. "एखादी गोष्ट दोन्ही बाजूंनी चुकीची कशी समजावी याचा नमुना आहे हा."

मग मी शुभदाच्या रक्तातलं पाणी, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, ते माझ्या स्वतःच्या प्लाझ्मात मिसळून परत तपासलं. तिच्यात गोठवणारा एखादा घटक कमी असता तर माझ्यातल्याने तो भरून निघाला असता. निघाला नाही. उलट माझा प्लाझ्माही उशिरा गोठायला लागला. याचा अर्थ तिच्या रक्तात काही कमी नव्हतं, काहीतरी जास्तीचं होतं आणि तेच आडवं येत होतं. नमुने मुंबईला पाठवले, पायाची सोनोग्राफी करून घेतली. मांडीपासून गुडघ्यापर्यंत शिरेत गुठळी बसलेली निघाली. मुंबईचं उत्तर आलं तेही मला वाटलं होतं तेच.

हे त्यांना समजावायला मी तिघांना समोर बसवलं. तुम्हालाही त्याच भाषेत सांगते. पुस्तकात पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणतात. मी त्यांना राखणदार म्हणते, चिकूच्या वाडीवर ठेवलेला. चोर आला तर हाकलायचा एवढंच त्याचं काम. पण कधीकधी या राखणदाराचं डोकं फिरतं आणि तो घरच्याच माणसांना चोर समजायला लागतो. शुभदाच्या राखणदारांनी तिच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती. प्रतिपिंडं म्हणजे चोरावर चिकटवायच्या खुणा. त्या खुणा प्लेटलेटवर आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर जाऊन बसल्या. प्लेटलेट म्हणजे गवंडी. खूण बसली की त्यांना वाटतं कुठेतरी भिंत फुटली, चला. ते पांढऱ्या पेशींना धरतात, पांढऱ्या पेशी चिडून आपल्या पोटातला धागा बाहेर फेकतात, त्याचं जाळं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्या तांबड्या पेशी त्यात अडकतात. भिंत न फुटताच आत बांधकाम सुरू. तीच गुठळी. गवंडी सगळे आत कामावर, म्हणून बाहेर मोजायला कमी. काही तर खूण बसल्यामुळे वाटेतच मारले जातात. आणि नळीत रक्त उशिरा गोठतं, कारण आम्ही तपासणीसाठी जे रसायन घालतो त्यालाच ही प्रतिपिंडं अडवतात. शरीरात ते रसायन नसतं. म्हणून नळीत पातळ आणि अंगात घट्ट.

"आणि बाळ?" शुभदाने विचारलं.

"वार असते ना, तिच्यातल्या बारीक वाहिन्यांतही हेच होतं. बाळाचं खाणंपिणं तुटतं."

"मी पाचव्या महिन्यात चुलतसासऱ्यांच्या घरी श्रावणातल्या पूजेला पाण्याचा हंडा उचललेला. म्हणून गेलं असं..." तिने वाक्य सोडून दिलं आणि सासूकडे बघितलं नाही.

मला जे बोलायचं होतं ते मी शुभदाला म्हटलं, पण ऐकवलं यशोदाकाकूंना. एकेक शब्द नीट ठासून.

"हंड्याने नाही, पायगुणाने नाही, कुणाच्या नजरेने नाही. तुझा दोष नाही. तिन्ही वेळा तुझा काहीएक दोष नव्हता. कळलं?"

शुभदा रडायला लागली. यशोदाकाकू कॅलेंडरकडेच बघत होत्या. ही बाई दगड आहे, असं मी मनात म्हटलं आणि माझं मत पक्कं करून टाकलं.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांवर हर्षदने पुष्कळ वाद घातला. प्लेटलेट कमी असताना वर रक्त पातळ करायचं हे त्याच्या बुद्धीला पटेना, आणि व्हॉट्सॲपवरच्या त्याच्या कुठल्याशा मित्राच्या बुद्धीला तर मुळीच पटेना. तो मित्र टाइल्सचा व्यापारी होता. शेवटी मुंबईच्या तज्ज्ञांनी दरडावलं तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. पाय उतरला.

पुढच्या वर्षी शुभदाला परत दिवस गेले. माझी मैत्रीण मंगल डहाणूत प्रसूतीचं हॉस्पिटल चालवायची, केस तिच्याकडे होती. पोटात बाळ असताना त्या गोळ्या चालत नाहीत, म्हणून त्या बंद करून सकाळ-संध्याकाळ पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, ठरलेल्या वेळी, बाळंतपणापर्यंत. भरलेली सुई तयार मिळते. शुभदा स्वतःच टोचून घ्यायला शिकली. मंगलने सगळ्या घराला बजावलं होतं, की एक वेळ जेवण चुकवा, पण ही वेळ चुकवायची नाही. तिसरा महिना गेला, पाचवा गेला. प्रत्येक वेळी शुभदा रक्त द्यायला आली की सुरेखा आणि मी तिच्या पोटाकडे आधी बघायचो आणि मग बाटलीकडे.

सातव्या महिन्यात माघी पौर्णिमेला चंद्रग्रहण आलं. चंद्र उगवतानाच ग्रहण लागलेला असणार होता. दुपारी मंगलचा फोन. ती ऑपरेशनच्या गडबडीत होती.

"हर्षद म्हणतो ग्रहणात गरोदर बाईने सुई हातात धरायची नसते. आज राहू दे म्हणतो, उद्या करीदिन, परवापासून सुरू करू. शिवाय पर्वकाळ संपेपर्यंत तिला अंधाऱ्या खोलीत हलूसुद्धा देणार नाहीत. पाणीही नाही. तू जा. तुझी जीभ एकदा तरी कामी येऊ दे."

दोनेक तासांचा उशीर असता तर मी उठले नसते. पण दोन दिवस इंजेक्शन नाही, वर एका जागी बसून राहायचं आणि घशाला कोरड! गुठळी व्हायला हवं ते सगळं मुहूर्त काढून जमवलं होतं. एखाद्या शत्रूनेही एवढी तयारी केली नसती.

रिक्षावाला मिळता मिळेना. एकजण कसाबसा तयार झाला, तोही वाटभर कुरकुरत होता.

"बाई, गिराणात कुठं निघाल्या? उद्या गेलं तं नाय का चालत?"

माझं भाषण तयार होत होतं. यशोदाकाकूंना काय काय सुनवायचं ते मी कैनाड येईपर्यंत घासूनपुसून लखलखीत केलं होतं. समोर डोंगरामागून चंद्र वर येत होता, तांबूस आणि धुरकट.

दारं-खिडक्या बंद होत्या. मी दार बडवलं. हर्षदने अर्धं उघडलं.

"मॅडम, आम्ही अंधश्रद्धाळू वगैरे नाही," तो म्हणाला, "पण रिस्क कशाला घ्यायची?"

"रिस्क!" मी म्हटलं. "हो बाजूला."

आतल्या खोलीत एकच दिवा होता. शुभदा पदर बाजूला करून पलंगाच्या कडेला बसली होती. तिच्यासमोर यशोदाकाकू, नुकत्याच डोक्यावरून न्हालेल्या, केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यांच्या हातात सुई होती. बाजूला तांब्या, त्यात तुळशीचं पान.

माझं भाषण तोंडातच राहिलं.

"सकाळची वेध लागायच्या आधीच उरकली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पाणी पाजलंय, तुळस टाकली की पाण्याला दोष नसतो. दुपारपासून ह्या घरातल्या घरात फेऱ्या मारायला लावल्यात हिला. नुसती बसवली नाय. आता ही सुई. तिनं धरायची नाय असं आहे ना? ती नाय धरत. मी धरते."

"आई, तासाभराने तरी..." दारातून हर्षद म्हणाला.

"गप रे." मग माझ्याकडे वळून, "आज टाळली की उद्या करीदिन, परवा अजून काय तरी काढेल. माझाच मुलगा आहे. मी ओळखते."

जन्मात त्यांनी सुई धरली असेल ती फुलांचे हार ओवायची. मी हात पुढे केला.

"द्या इकडे, काकू. मी टोचते. डॉक्टर आहे मी."

त्यांनी सुई मागे घेतली.

"नको. तुमच्यापण घरी लेकीबाळी असतील. दोष कुणावर तरी जायचाच, तर माझ्यावर जाऊ दे. मला आता कुठं पोर व्हायचंय?"

मी, जी असल्या दोषाला चवलीचीही किंमत देत नाही, ती मुकाट्याने बाजूला उभी राहिले आणि त्यांना सांगत गेले. कातडीची चिमटीत घडी धरा. सुई सरळ. घाबरू नका, बाळ पुष्कळ आत आहे. आता सावकाश दाबा. त्यांनी डोळे मिटले, मी उघडायला लावले. सुई बाहेर आली तेव्हा शुभदाच्या पोटावर रक्ताचा बारीक ठिपका आला आणि यशोदाकाकूंनी तो बोटाने नाही, आपल्या ओल्या पदराने टिपला. आत बाळाने लाथ मारली असावी, कारण शुभदा हसली. हर्षद दारात मोबाइल धरून उभा होता. एवढं शिकलेलं पोर, पण त्या खोलीत त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मुलगी झाली. थोडी लवकर, वजनाने कमी, पण आवाज असा की मंगलने फोनवर मला तो ऐकवला. रमणीकभाईंसारखी हजार माणसं मी बघितली असतील, त्यातलं एकही मला घरी आल्यावर आठवलं नाही. त्या दिवशी मात्र मी लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन चक्क रडले आणि सुरेखाला सांगितलं की डोळ्यात रसायन गेलं.

बारसं झाल्यावर यशोदाकाकू एकट्याच लॅबमध्ये आल्या. चिकूंची करंडी बाकावर ठेवली, खुर्चीत बसल्या, पोलक्याची बाही वर केली आणि सुरेखासमोर हात धरला.

"माझंपण बघा," त्या मला म्हणाल्या.

"तुम्हाला काय होतंय?"

"आता काय नाय होत. हर्षदच्या आधी चार गेली. दोन पोटात, दोन होताना. सासू म्हणायची मी खाते पोरं. मीपण तसंच धरून चालले. वाण देतानासुद्धा बायका मला शेवटी द्यायच्या. तुम्ही त्या दिवशी सुनेला सांगत होतात ना, राखणदाराचं, गवंड्यांचं, मी सगळं ऐकत होते. माझंपण तेच असेल का?"

मी कॅलेंडरकडे बघणाऱ्या त्या बाईला दगड म्हटलं होतं.

"काकू, इतक्या वर्षांनी रक्त नक्की काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तेव्हा असलेलं आता नसेलही. आणि आता काही सापडलं तरी तेव्हा तेच होतं असं म्हणता येणार नाही. कारणं पुष्कळ असतात."

त्यांनी मान हलवली. बाही सावकाश खाली ओढली. उठल्या नाहीत.

"मग सुई नका टोचू," त्या म्हणाल्या. "पण सुनेला एक म्हणालात ना, तुझा दोष नाही म्हणून. तेवढं मला एकदा म्हणा."

पुराव्याशिवाय मी आयुष्यात एक अक्षर लिहून दिलेलं नाही. पुरावा नसताना बोलणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. मी चष्मा काढला, त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "काकू, तुमचा दोष नव्हता. चारही वेळा नव्हता."

आणि त्या ऐकत होत्या म्हणून परत एकदा म्हटलं.